१३० वरून १०४ : क्वार्टेटमधल्या मोटिफची पार्श्वभूमी

पाश्चात्त्य संगीतात ‘मोटिफ’ म्हणजे रचनेत पुन्हा पुन्हा येणारी छोटी स्वराकृती, पण या शब्दाने मराठीत आधीच गोंधळ केला आहे. लोकसाहित्याच्या अभ्यासात त्याला कल्पनाबंध म्हणतात, पण चार-सहा स्वर आणि त्यांची लय एवढ्यालाच कल्पनाबंध म्हणणं जड जातं. काही जण ‘मुखडा’ म्हणतात, तेही पटत नाही. मुखडा समेवर येतो तो ओळखू यावा म्हणूनच. मोटिफ मात्र तुटतो, उलटा होतो, व्हायोलिनकडून चेलोकडे जातो आणि कधी कधी नुसती लय उरते. म्हणून इथे मोटिफच.

बरोक काळात (साधारण १६०० ते १७५०) एकच आकृती अख्ख्या रचनेत फिरवण्याची सवय होतीच. क्वार्टेटच्या, म्हणजे दोन व्हायोलिन, व्हिओला आणि चेलो अशा चार वाद्यांसाठीच्या रचनेच्या, संदर्भात १७८१ हे साल हमखास येतं. ऑस्ट्रियन संगीतकार हायडनने ओपस ३३ (ओपस म्हणजे कृतीचा क्रमांक) च्या सहा क्वार्टेट्सच्या हस्तलिखित प्रतींसाठी गिऱ्हाइकं शोधताना पत्रांतून लिहिलं की, त्या ‘पूर्णपणे नव्या, खास पद्धतीने’ रचल्या आहेत. ही जाहिरात होती की खरंच काही बदललं होतं, यावर अजून वाद आहे. चारही वाद्यांत छोटे तुकडे वाटून घेण्याची रीत तिथे ठळक झाली, एवढं कानांना कळतं.

खरा पेच १७९९ च्या व्हिएन्नात आहे. संगीतकार बेटोवनच्या ओपस १८ मधल्या पहिल्या क्वार्टेटची सुरुवात चारही वाद्यं एकत्र, हलक्या आवाजात करतात. एफ या पाश्चात्त्य स्वराला षड्ज मानलं तर लांब सा, मग झटकन रे सा नी सा आणि खाली मंद्र पंचम. एवढाच जीव. त्यासाठी त्याने वहीची पानंच्या पानं भरली. आधीचे आराखडे तर चार मात्रांचे होते, तीन मात्रा नंतर आल्या.

जून १७९९ मध्ये पूर्ण झालेली प्रत त्याने एका मित्राला भेट दिली. दोन वर्षांनी त्याच मित्राला लिहिलं : ते क्वार्टेट कुणाला देऊ नकोस, मी ते खूप बदललंय, क्वार्टेट नीट कसं लिहायचं ते मला आत्ता कळलंय. मोजणाऱ्यांच्या हिशेबाने पहिल्या प्रतीच्या पहिल्या भागात हा मोटिफ १३० वेळा येतो, १८०१ मध्ये छापलेल्या प्रतीत १०४ वेळा. म्हणजे सव्वीस ठिकाणी तो गेला.

का काढला? काही अभ्यासकांना पहिली प्रत अधिक धीट वाटते, नंतरची जास्तच घोटलेली. मला ही कापणी बरोबर वाटते. या भागाच्या ३१३ मापांत (माप म्हणजे इथे तीन मात्रांचा एक खंड) १०४ म्हणजे अजूनही सरासरी दर तिसऱ्या मापाला तो आहेच. त्याहून दाट झाला की कान त्याला ऐकेनासा होतो. घरातल्या पंख्याचा आवाज जसा. रचना एकजीव होते ती मोटिफच्या संख्येने नव्हे. तो मधे नाहीसा व्हावा लागतो आणि तो परतल्याचं आपल्याला कळावं लागतं. नवशिके रचनाकार नेमके इथेच चुकतात. मोटिफ सापडल्याच्या आनंदात तो प्रत्येक ओळीत भरतात.

पुढे हा धागा एका भागापुरता राहिला नाही. बेटोवनच्याच ओपस १३१ (१८२६) या क्वार्टेटमध्ये सात भाग न थांबता वाजतात आणि पहिल्या भागातल्या फ्यूगची (एकच सुरावट एकामागून एक वाद्यं उचलतात अशी रचना) चाहूल शेवटच्या भागात पुन्हा लागते. ब्राम्सच्या क्लॅरिनेट क्विंटेटच्या (क्लॅरिनेट आणि क्वार्टेटची चार वाद्यं, १८९१) शेवटी सुरुवातीचेच सूर परततात. विसाव्या शतकात या सगळ्याला नावं मिळाली, ‘विकसनशील बदल’, म्हणजे एका छोट्या कल्पनेतून बदल करत पुढचं सगळं घडवणं, हे त्यातलं सर्वांत टिकाऊ. विश्लेषकांना मग प्रत्येक रचनेत एकच गुप्त बीज दिसू लागलं. त्यावर टीकाही झाली, आणि ती रास्त होती : स्वर निवडायची मोकळीक असेल तर कुठल्याही दोन सुरावटी नात्यातल्या ठरवता येतात.

रशियन संगीतकार शोस्ताकोविचच्या आठव्या क्वार्टेटमध्ये (१९६०) असं काही शोधावं लागत नाही. त्याच्या नावातल्या, जर्मन पद्धतीत स्वरांची नावं असलेल्या अक्षरांवरून आलेले चार स्वर पाचही भागांत आहेत. डीला षड्ज धरून म्हणून पाहा : सा, कोमल रे, मग खाली कोमल नी आणि शुद्ध ध. पहिल्या भागात चेलो ते एकटाच सुरू करतो, मग एकेक वाद्य येऊन मिळतं. शेवटच्या भागात तेच चार स्वर परत येतात आणि विरत जातात.