स्पॅनिशमधे निघणं आणि सुरू करणं

स्पॅनिशमधे सुरू करण्यासाठी एम्पेसार आणि कोमेन्सार ही सरळ क्रियापदं आहेतच, त्यांच्यापुढे 'आ' लावून दुसरं क्रियापद मूळ रूपात ठेवलं की काम भागतं. पण रोजच्या बोलण्यात लोक क्रियापदांच्या ज्या जोड्या वापरतात त्यातून सुरुवात कशी झाली तेपण कळतं, ठरवून झाली, अचानक झाली की आवरलंच नाही. व्याकरणात यांना पेरिफ्रासिस म्हणतात आणि स्पॅनिश अकादमीच्या २००९ च्या व्याकरणात त्यांच्यावर स्वतंत्र प्रकरण आहे.

सगळ्यात जास्त चालते ती पोनेर्से आ. 'मे पोन्गो आ एस्तुदिआर' म्हणजे अभ्यासाला बसतो, इथे माणूस स्वतःहून कामाला लागतो (पाऊस सुरू झाला तरी हेच चालतं).

एचार म्हणजे खरं तर फेकणं, पण 'एचो आ कोर्रेर' म्हणजे तो पळत सुटला, आणि माझ्या मते मराठीतलं हे 'सुटणं' त्याच्या सगळ्यात जवळचं आहे. चालणं, पळणं, उडणं असल्या हालचालींना नुसतं एचार, पण रडणं-हसणं आलं की 'से' ('स्वतः' दाखवणारा छोटा शब्द, पोनेर्सेच्या शेवटी आहे तोच) लागतो, 'से एचो आ योरार', म्हणजे रडायलाच लागला. शिकणाऱ्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो आणि तो व्हायला नको, कारण नियम तसा सोपा आहे.

रोम्पेर म्हणजे मोडणं, तुटणं. रोम्पेर आ मधे आतलं दाबून ठेवलेलं एकदम बाहेर येतं, रडू, हसू, टाळ्या. रेसिपीतपण हेच असतं, 'कुआन्दो एल आग्वा रोम्पा आ एर्विर', पाण्याला उकळी फुटली की मग पास्ता टाका.

अर्जेंटिना, उरुग्वे, चिलीकडे लार्गार्से आ जोरात चालतं. ब्युनोस आयर्समधे पाऊस आला की 'से लार्गो आ शोवेर' ऐकू येतं, कारण तिकडे 'य' चा उच्चार 'श' करतात. स्पेनमधे मात्र नुसतं लार्गार्से म्हणजे निघून जाणं, कटणं.

प्रवासाला निघताना पोनेर्से एन कामिनो, म्हणजे वाटेला लागणं. पोनेर्से एन मार्चा माणसालाही चालतं आणि ट्रेनलाही, पण मशीन किंवा एखादा प्रकल्प आपण सुरू करतो तेव्हा 'से' काढून पोनेर एन मार्चा. गाडी स्टार्ट करायला अर्रान्कार, आणि सगळ्यांना कामाला लावायचं असेल तर 'मानोस आ ला ओब्रा!', म्हणजे चला, लागा कामाला.