डार्क एनर्जी फक्त सुपरनोव्हांच्या भरवशावर नाही
'१९९८चे सुपरनोव्हा चुकले, तर डार्क एनर्जीचा डोलाराच कोसळला' असं वर्षानुवर्षे ऐकू येतं. (विश्वाचं प्रसरण वेग घेतंय, हे तेव्हा सुपरनोव्हांवरून, म्हणजे फुटणाऱ्या ताऱ्यांवरून, दिसलं; त्यामागच्या अज्ञात ऊर्जेला डार्क एनर्जी म्हणतात.) तसं नाही. गुरुत्वीय भिंगांची, म्हणजे मागच्या स्रोताचा प्रकाश गुरुत्वाने वाकवणाऱ्या दीर्घिकांची, नुसती मोजदादही साक्ष देते. वैश्विक स्थिरांक (डार्क एनर्जीचं सर्वांत साधं रूप) मोठा असेल, तर ठरावीक ताम्रसृतीपर्यंतचं (प्रसरणामुळे प्रकाश तांबड्याकडे किती सरकला, त्या मापापर्यंतचं) अंतराळ अधिक ऐसपैस असतं; मग दूरच्या क्वेसारच्या (अतितेजस्वी दीर्घिका-केंद्राच्या) वाटेत दीर्घिका आडवी येऊन त्याच्या दोन-चार प्रतिमा दिसण्याची शक्यता वाढते. 'क्लास' या रेडिओ दुर्बिणींनी भिंगं शोधणाऱ्या सर्वेक्षणातल्या ८,९५८ रेडिओ स्रोतांत अशी १३ भिंगं सापडली. सपाट (एकूण वक्रता नसलेलं) विश्व गृहीत धरून २००२मध्ये त्यावरून द्रव्याचा वाटा सुमारे ३१ टक्के निघाला; उरलेला डार्क एनर्जीचा. अनिश्चितता मात्र भलीमोठी. आणि गंमत म्हणजे १९९६मध्ये याच पद्धतीने स्थिरांकाला ०.६६ची वरची मर्यादा घातली होती, म्हणजे त्याचा वाटा ६६ टक्क्यांहून जास्त नाही! भिंग ठरणाऱ्या दीर्घिका किती आणि केवढ्या वस्तुमानाच्या धरता, त्यावर उत्तर हलतं.