संस्थांसाठी स्ट्रॅटेजी कन्सल्टिंग

एनजीओ, ट्रस्ट, धर्मादाय संस्था यांनी पुढच्या तीन-पाच वर्षांत काय करायचं, कुठे करायचं, कशाला नाही म्हणायचं आणि पैसा कुठून आणायचा हे ठरवायला मदत करणं म्हणजे हे काम. यातलं 'नाही म्हणणं' सगळ्यात अवघड. कंपनी तोट्यातलं दुकान बंद करून मोकळी होते, इथे बंद करायची असते ती पंधरा वर्षं चाललेली बालवाडी आणि ती चालवणाऱ्या ताई मीटिंगमध्ये समोरच बसलेल्या असतात.

अमेरिकेत २००० साली बेन अँड कंपनी या कन्सल्टिंग फर्मच्या पाठबळाने बॉस्टनला हेच काम करणारा ब्रिजस्पॅन ग्रुप उभा राहिला, तो स्वतःही ना-नफा तत्त्वावरच चालतो. मुंबईत 'दसरा' ही अशीच संस्था १९९९ पासून आहे. आपल्याकडे मागणी वाढली ती मुख्यतः कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ मुळे. ५०० कोटींची नेटवर्थ, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यातलं काहीही एक असेल त्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले २ टक्के सीएसआरवर, म्हणजे सामाजिक कामांवर, खर्च करायचे, हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झालं आणि मग गावपातळीवर नीट काम करणाऱ्या पण प्रपोजल, बेसलाइन, इम्पॅक्ट हे शब्द कधी न वापरलेल्या संस्थांना एकदम ती भाषा बोलावी लागली.

कामाची सुरुवात ऐकण्याने होते, निदान व्हायला हवी. विश्वस्त, कार्यकर्ते, अकाउंटंट, गावातली माणसं, फंडर म्हणजे पैसा देणारे, सगळ्यांशी बोलायचं, फील्डवर जायचं. मग 'थिअरी ऑफ चेंज' मांडतात, म्हणजे आपण हे केलं की ते का आणि कसं बदलेल याची साखळी. भिंतीवर कागद लावून ती काढायला बसलं की बऱ्याचदा मधली एक कडी गायब निघते, शिबिरं झाली, हजेरी झाली, पण मूल वाचायला लागलं का हे कोणी तपासलेलंच नसतं.

माझ्या मते खरा कस लागतो तो खर्चाच्या शीटवर. समजा एका अभ्यासिकेचा खर्च प्रपोजलमध्ये वर्षाला ४०,००० लिहिलाय. अकाउंटंटच्या शेजारी बसून सुपरवायझरचं पेट्रोल, ट्रेनिंग, ऑफिसचं भाडं, ऑडिटची फी, माहिती भरणाऱ्या मुलीचा पगार हे सगळं वाटून टाकलं की तोच आकडा ६५,००० वर जातो. मधले २५,००० आजवर कसे भागले विचारलं तर कळतं की पगार दोन-दोन महिने उशिरा होतायत. फंडर 'ओव्हरहेड', म्हणजे वरखर्च, म्हणून जे कापतात ते असं कार्यकर्त्याच्या घरातून जातं. त्यात गैरसमजाची भर. सीएसआरच्या नियमांत ५ टक्क्यांची मर्यादा आहे ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर प्रशासनावर, संस्थेच्या खर्चावर नाही, तरी कितीतरी कंपन्या ती संस्थेलाच लावतात. परदेशी देणग्यांचं वेगळं, एफसीआरए या त्यासाठीच्या कायद्याच्या २०२० च्या दुरुस्तीत प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली आणि एका संस्थेने ते पैसे दुसरीला देणंही बंद झालं, त्यामुळे छोट्या संस्थांना मोठ्यांमार्फत मिळणारा परदेशी पैसा थांबला.

स्ट्रॅटेजीसाठी कन्सल्टंटच लागतो असं मात्र नाही. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग या डॉक्टर दांपत्याच्या 'सर्च' संस्थेने आधी बालमृत्यू मोजले, कारणं शोधली आणि मग ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवलं. तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ साली लॅन्सेटमध्ये आलं, पुढे गावोगावच्या आशा सेविकांमार्फत हीच पद्धत देशभर गेली. आधी मोजायचं, एकच प्रश्न धरायचा आणि तो सोडायचा नाही, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी सुचत नाही.

या व्यवसायातली मोठी अडचण फीची. बऱ्याचदा कन्सल्टंटचे पैसे फंडर देतो, मग क्लायंट नक्की कोण? फंडरला हवा असतो विस्तार, जिल्ह्यांची संख्या, संस्थेला कदाचित दोन वर्षं थांबून लोक घडवायचे असतात. म्हणून रिपोर्ट आधी संस्थेला दाखवायचा आणि तिच्या परवानगीशिवाय फंडरकडे जाऊ द्यायचा नाही हे सुरुवातीलाच लेखी ठरवून घ्यावं. आणि रिपोर्ट मराठीत हवा. इंग्रजी स्लाइड्सचा गठ्ठा ऑफिसच्या कपाटात जातो, मराठीत लिहिलेलं एक पान तालुक्याच्या मीटिंगमध्ये वाचलं जातं, त्यावर वाद होतात, कोणीतरी उठून म्हणतं की आमच्या भागात हे असं नाहीये, आणि मग ते पान दुरुस्त करावं लागतं.