सोमनाथ चॅटर्जी आणि न दिलेला राजीनामा: थोडी पार्श्वभूमी

२०२२ च्या शिवसेना फुटीपासून अध्यक्ष, व्हिप (कसं मत द्यायचं याचा पक्षाचा आदेश), अपात्रता हे शब्द आपल्याकडे घराघरात पोचलेत, आणि चर्चा तापली की कोणीतरी सोमनाथ चॅटर्जींचं नाव काढतंच, की बघा, लोकसभेचा एक अध्यक्ष असाही होता ज्याने पक्ष सोडला पण खुर्चीची शान सोडली नाही. पण त्यांनी पक्ष सोडलाच नव्हता. पक्षाने त्यांना काढलं. सगळा गुंता या एका फरकात आहे, म्हणून नीट लिहावंसं वाटलं.

आधीचं आयुष्य थोडक्यात सांगतो. जन्म १९२९ चा, आसाममधल्या तेजपूरचा. वडील नावाजलेले वकील, हिंदू महासभेचे नेते आणि खासदार. पण कम्युनिस्ट पक्षावर बंदी आली तेव्हा तुरुंगातल्या कम्युनिस्टांच्या सुटकेसाठी हेच वडील उभे राहिले, त्यामुळे मुलगा माकपमध्ये, म्हणजे मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षात गेला याचं वाटतं तेवढं आश्चर्य नाही. मुलाचं शिक्षण कलकत्ता, मग केंब्रिज, लंडनहून बॅरिस्टर, परत येऊन कलकत्ता हायकोर्टात वकिली. १९६८ ला माकपचं सदस्यत्व, १९७१ ला बर्धमानमधून लोकसभेत, नंतर जादवपूर. १९८४ ला तिथे एका तरुण उमेदवाराने त्यांना हरवलं, ती पुढे राज्याची मुख्यमंत्री झाली. तो एकच पराभव, पुढच्याच वर्षी बोलपूरच्या पोटनिवडणुकीतून परत आले आणि एकूण दहा वेळा खासदार झाले.

वकिलीचा ठसा शेवटपर्यंत होता. ते बोलायला उभे राहिले की आधी नियम, मग मुद्दा, मग राजकारण. १९८९ ते २००४ ते लोकसभेतले पक्षाचे नेते होते, आणि १९९६ ला उत्कृष्ट संसदपटू पुरस्कारही मिळाला. ४ जून २००४ ला एकमताने लोकसभेचे अध्यक्ष झाले, त्या पदावर बसलेले पहिले कम्युनिस्ट.

(एक बारीक गोष्ट, आपल्याकडे बरेच जण त्यांना अजून 'सभापती' म्हणतात. लोकसभा आणि विधानसभेला अध्यक्ष असतो, राज्यसभा आणि विधान परिषदेला सभापती.)

त्या पाच वर्षांत बरंच काही झालं. शून्य प्रहर, म्हणजे खासदार तातडीचे मुद्दे मांडतात तो वेळ, टीव्हीवर थेट दिसायला लागला, २००६ मध्ये लोकसभेचं स्वतःचं चॅनल सुरू झालं. डिसेंबर २००५ ला प्रश्न विचारायला पैसे घेताना कॅमेऱ्यात सापडलेल्या दोन्ही सभागृहांच्या ११ खासदारांना बडतर्फ केलं गेलं, त्यातले १० लोकसभेचे. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं तेव्हा सोमनाथबाबूंनी कोर्टाची नोटीस घ्यायला नकार दिला, सभागृहाने आपल्या सदस्यावर केलेली कारवाई हा सभागृहाचा अधिकार आहे या मुद्द्यावर. आयुष्यभर कोर्टात उभा राहिलेला माणूस कोर्टाची नोटीस घेत नाही याचा अनेकांना राग आला, मला मात्र यात त्यांचा वकीलच दिसतो, कोणाची हद्द कुठे संपते हे त्याला नेमकं माहीत होतं. २००७ ला कोर्टाने बडतर्फी वैध ठरवली, पण संसदेची अशी कारवाई तपासायचा अधिकार आपल्याला आहे हेही सांगितलं.

आता जुलै २००८. अमेरिकेबरोबरच्या अणुकरारावरून डाव्यांनी मनमोहन सिंग सरकारचा पाठिंबा काढला आणि राष्ट्रपतींना पाठिंबा काढणाऱ्या खासदारांची जी यादी दिली त्यात आपल्या खासदारांबरोबर अध्यक्षांचंही नाव टाकलं. अध्यक्षांच्या कार्यालयाने लगेच स्पष्ट केलं की अध्यक्ष कुठल्याही पक्षाचा प्रतिनिधी म्हणून त्या पदावर नसतो. पक्षाचं म्हणणं सरळ होतं, तुम्ही आमच्या चिन्हावर निवडून आलात, सदस्यत्वाचं कार्ड तुमच्या खिशात आहे, तेव्हा पद सोडा आणि सरकारच्या विरोधात मत द्या. त्यांचं म्हणणं होतं की सभागृहाने मला एकमताने बसवलंय, ऐन विश्वासदर्शक ठरावाच्या वेळी उठलो तर ती खुर्ची पक्षाची होती असं मीच कबूल केल्यासारखं होईल. शिवाय भाजपही सरकारच्या विरोधात होता, आणि त्याच्या बाजूने मत टाकायला त्यांचं मन तयार नव्हतं.

२२ जुलैला मतदान होतं. त्याआधी तीन खासदारांनी सभागृहात नोटांची बंडलं आणून टेबलावर ठेवली, हे मत विकत घ्यायला मिळालेत म्हणून. देशभर लोक टीव्हीवर बघत होते, आणि वर खुर्चीत ७९ वर्षांचे होत आलेले सोमनाथबाबू गोंधळ आवरत बसलेले. ठराव २७५ विरुद्ध २५६ ने पास झाला. म्हणजे फरक १९ चा. त्यांनी राजीनामा देऊन विरोधात मत टाकलं असतं तरी आकडा २५७ झाला असता, सरकार पडलं नसतंच. दुसऱ्या दिवशी, २३ जुलैला, पक्षाने त्यांना तात्काळ काढून टाकलं. ४० वर्षांचं सदस्यत्व एका दिवसात गेलं, तेही वाढदिवसाच्या दोन दिवस आधी.

कायदा काय म्हणतो ते बघा, कारण इथे दोन्ही बाजूंचे लोक अर्धंच सांगतात. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यात, म्हणजे घटनेच्या दहाव्या परिशिष्टात, अध्यक्षाला सूट आहे, निवड झाल्यावर त्याने स्वतःहून पक्ष सोडला तर अपात्र ठरत नाही आणि पद संपल्यावर परत जाऊही शकतो. पण ही सूट आहे, सक्ती नाही. १९६७ ला एका अध्यक्षांनी, असा कायदा नसतानाच, पक्षाचा राजीनामा दिला होता. त्याच्याही आधी पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर, तेही वकीलच, यांची भूमिका मधली होती, सदस्य राहा पण पक्षाच्या वादात पडू नका. सोमनाथबाबू याच वाटेने गेले. म्हणजे 'पक्षाचा सदस्य' आणि 'पक्षाचा प्रतिनिधी' हे दोन शब्द वेगळे आहेत यावर त्यांनी सगळं लावलं, आणि पक्षाला ते एकच वाटत होते.

माझं मत सांगतो. २००८ ला ते बरोबर होते. चूक झाली असेल तर २००४ ला झाली, त्याच दिवशी कार्ड परत दिलं असतं तर यादीत त्यांचं नाव घालायला पक्षाला जागाच उरली नसती. पण ज्याने वकिली मागे टाकून पक्षाला आयुष्य दिलं त्याला ते कार्ड देणं किती जड गेलं असतं हे समजू शकतो. आणि काढून टाकल्याने कायद्याने मोकळे झाले असंही नाही, काढलेला सदस्य पक्षांतरबंदीपुरता त्याच पक्षाचा मानायचा असं सुप्रीम कोर्टाने १९९६ ला म्हटलेलं आहे.

पुढे २०२० ला सुप्रीम कोर्टानेच सुचवलं की अपात्रतेचे निर्णय अध्यक्षांकडून काढून स्वतंत्र लवादाकडे द्यायचा विचार संसदेने करावा. मग शिवसेना फुटीवर मे २०२३ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, जानेवारी २०२४ ला आपल्या विधानसभा अध्यक्षांचा निर्णय आला, ते तुम्हाला पाठ आहे. सगळीकडे मूळ प्रश्न तोच राहिला, खुर्चीवर बसलेला माणूस कोणाचा.

२००९ ला ते निवडणुकीला उभे राहिले नाहीत. १३ ऑगस्ट २०१८ ला कोलकात्यात गेले. पक्षाची इच्छा होती की अंगावर लाल झेंडा घालावा, घरच्यांनी नको म्हणून सांगितलं. पार्थिव आधी हायकोर्टात नेलं, जिथे वकिली सुरू झाली होती, मग विधानसभेत, मग घरी आणि शेवटी देहदानासाठी हॉस्पिटलला.