‘टेन्शन’ कुठल्या रकान्यात? महासाथीतल्या नैराश्य, चिंता आणि ताणाच्या मोजणीची पार्श्वभूमी

२०२०च्या एप्रिलमध्ये काढ्याच्या कृती आणि थाळीनादाचे व्हिडिओ यांच्या गर्दीतून आणखी एक गोष्ट फोनाफोनी फिरत होती, ती म्हणजे गुगल फॉर्म. ‘फक्त पाच मिनिटं, संशोधनासाठी, कृपया पुढे पाठवा.’ उघडला की पुष्कळदा आत २१ विधानं असायची. तोंडाला कोरड पडल्याचं जाणवलं. आयुष्याला काही अर्थ नाही असं वाटलं. घडलेल्या गोष्टींवर गरजेपेक्षा जास्तच भडकलो. गेल्या आठवड्यात यातलं किती लागू पडलं ते शून्य ते तीनमध्ये सांगायचं. ही विधानं तीन गटांतली आहेत, नैराश्य, चिंता आणि ताण यांची सात-सात, आणि पत्ते पिसावेत तशी एकमेकांत मिसळलेली आहेत, हे भरणाऱ्याला सहसा ठाऊक नसायचं. महासाथीत ही तीन दुखणी एकमेकांत कशी गुंतली हे सांगणारे जे शेकडो शोधनिबंध पुढे आले, त्यांतल्या बऱ्याच निबंधांच्या मुळाशी ही किंवा हिच्यासारखी प्रश्नावली आहे. त्यामुळे ही पार्श्वभूमी विषाणूपासून सुरू न करता फॉर्मपासून सुरू केलेली बरी.

साथ आणि मन यांचं नातं अर्थातच जुनं आहे. १८९६ साली मुंबईत मांडवीला प्लेग निघाला, पुढच्या वर्षी पुण्यात घरझडत्या झाल्या, १९१८ला इन्फ्लुएन्झा आला. या साथींतले मृत्यू मोजले गेले. भीती सापडते ती आठवणींत आणि पत्रांत. मनाची मोजदाद करायची म्हणजे आधी पट्टी हवी, आणि ती बरीच उशिरा आली. २००३च्या सार्सनंतर टोरांटोत विलगीकरणात राहिलेल्या १२९ जणांना प्रश्नावली दिली गेली. त्यांतल्या ३१.२ टक्क्यांमध्ये नैराश्याची लक्षणं आढळली आणि २८.९ टक्क्यांमध्ये आघातानंतरच्या ताणाची. २०२०च्या सुरुवातीला ‘क्वारंटाइनचा मनावर काय परिणाम होतो’ असं कोणी विचारलं की उत्तरात हेच आकडे यायचे. दुसरं फारसं काही हाताशी नव्हतं.

आता ती २१ विधानं. त्यांचं मूळ आहे ऑस्ट्रेलियात. सिडनीच्या एका विद्यापीठातल्या दोन मानसशास्त्रज्ञांना नैराश्य आणि चिंता स्वच्छ वेगळी मोजणारी पट्टी हवी होती. दोन्ही एकत्र येतात हे दवाखान्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं; अडचण अशी की जुन्या प्रश्नावल्यांत दोन्हीकडे तेच ते प्रश्न असत, त्यामुळे दुखणी एकत्र येतात की प्रश्न, हेच कळत नसे. म्हणून त्यांनी चाळण लावली. जे विधान दोन्हींकडे झुकतं ते बाहेर. झोप, भूक, थकवा, लक्ष न लागणं, रडू येणं, अपराधीपणा हे सगळं नैराश्याची पक्की खूण नाही म्हणून गळलं. चाळताना काही विधानं मात्र ना इकडे बसेनात ना तिकडे, पण आपापसांत घट्ट चिकटून राहिली. निवांत होता न येणं, चटकन भडकणं, थोडाही खोळंबा सहन न होणं, सतत अंग ताठलेलं असणं. या उरलेल्यांचा तिसरा गट झाला आणि त्याला नाव मिळालं ताण. १९९५ साली ४२ विधानांची पट्टी प्रसिद्ध झाली आणि तिचीच निम्मी आवृत्ती म्हणजे ‘डास-२१’ (नैराश्य, चिंता, ताण, पट्टी यांच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं). वापरायला पैसे लागत नाहीत, भाषांतरं भरपूर, पाच मिनिटांत काम संपतं. घरात कोंडलेल्या संशोधकाला आणखी काय हवं?

पण गुंता इथेच आहे, आणि तो नीट उलगडल्याशिवाय पुढचे आकडे वाचण्यात अर्थ नाही.

या फॉर्ममधली ‘चिंता’ ही आपली चिंता नव्हे. ‘चिता मेलेल्याला जाळते, चिंता जित्याला’ असं आपल्याकडे म्हणतात, तेव्हा डोळ्यांसमोर असतो जिवाला लागलेला घोर: पोराचं कसं होईल, पगार येईल का, आईला बेड मिळेल का. फॉर्ममधली चिंता शरीराची आहे. तोंड कोरडं पडणं, धाप लागणं, हात थरथरणं, श्रम न करता छातीत धडधडणं, आता आपली घाबरगुंडी उडणार असं वाटणं. मराठीत याला ‘जीव घाबरा होणं’ म्हणतात. घोरानं पिळवटलेला, चिडका, रात्री कूस बदलत पडलेला माणूस डॉक्टरांच्या भाषेत चिंताविकाराच्या जवळ जाईल. या फॉर्ममध्ये त्याचे गुण बहुतांशी ‘ताण’ या रकान्यात पडतात. आणि ताण हा तर निदानाच्या पुस्तकात स्वतंत्र आजारच नाही. हा शब्द मुळात यंत्रशास्त्राचा, गेल्या शतकात शरीरशास्त्रात आणि तिथून सगळ्यांच्या तोंडी आला. ‘नैराश्य’ही तसंच निसटतं. मराठीत निकालानंतर कार्यकर्त्यांत नैराश्य पसरतं, पाऊस लांबला की शेतकऱ्यांत पसरतं. आजार म्हणून तो शब्द वापरायला लागलो त्याला फार वर्षं झालेली नाहीत. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे रोजच्या बोलण्यातला एकच शब्द, टेन्शन. ‘टेन्शन आलंय’ म्हणणारा माणूस या तीनपैकी कुठल्याही रकान्यात असू शकतो, तिन्हींत असू शकतो, किंवा त्याला फक्त उद्या गॅसचं बुकिंग करायचं असतं.

भाषांतरातही हे घोटाळे होतात. मूळ इंग्रजीतलं पहिलं विधान किल्लीच्या घड्याळावरून आलंय: दिलेली किल्ली उतरत जावी तसं शांत होणं मला जमलं नाही. कोणी त्याचं ‘मला आराम करणं कठीण गेलं’ असं करतं. लॉकडाऊनमध्ये तीन खोल्यांत सहा माणसं, दोन ऑनलाइन शाळा आणि बंद असलेली कामवाली अशा घरातली बाई त्या वाक्यापुढे तीन लिहील आणि ते शब्दशः खरं असेल. तिच्या मनाची किल्ली उतरत नाही म्हणून तिने तीन लिहिलं, की दुपारी पाठ टेकायला मिळत नाही म्हणून? एक्सेलच्या तक्त्यात दोन्ही सारखंच दिसतं.

तर ही पट्टी घेऊन पहिली मोठी मोजणी चीनमध्ये झाली, ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी २०२०. १९४ शहरांतून १,२१० जणांनी ऑनलाइन उत्तरं दिली. मध्यम किंवा त्याहून जास्त नैराश्य १६.५ टक्के, चिंता २८.८ टक्के, ताण ८.१ टक्के. हे सर्वेक्षण जगभर उद्धृत झालं, आणि ज्याला त्याला तेच आपल्या गावात करून पाहावंसं वाटलं. आपल्याकडे देशातल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने त्या एप्रिलमध्ये ऑनलाइन पाहणी केली. १,६८५ जणांच्या उत्तरांतून चिंता ३८.२ टक्के, नैराश्य १०.५ टक्के आणि मध्यम पातळीचा ताण ७४.१ टक्के निघाला.

वुहानच्या देशात ताण आठ टक्के आणि आपल्याकडे चौऱ्याहत्तर! तेव्हाच्या बातम्यांत या दुसऱ्या आकड्याचा मथळा झाला. पण भारतातल्या पाहणीत ताणासाठी वेगळीच पट्टी होती, १९८३ सालची. तिचा पहिला प्रश्न साधारण असा: गेल्या महिन्यात अनपेक्षित काही घडल्यामुळे तुम्ही किती वेळा अस्वस्थ झालात? चार तासांच्या सूचनेवर सगळा देश बंद झालेल्या महिन्यात या प्रश्नाला ‘कधीच नाही’ म्हणणारा माणूस सापडला असता, तर त्याचाच अभ्यास करायला हवा होता. शिवाय डास-२१ मध्येही तिन्ही रकान्यांचे उंबरठे सारखे नाहीत. विधानं निम्मी म्हणून इथे गुण दुप्पट करतात; त्या दुप्पट गुणांत चिंता १० वर ‘मध्यम’ होते, ताणाला त्यासाठी १९ गाठावे लागतात. ‘चिंता ताणापेक्षा जास्त’ हा निष्कर्ष थोडाफार या उंबरठ्यांतूनही आलेला असतो. ही माझ्या मते त्या वर्षातली सगळ्यात महागात पडलेली निष्काळजी. पट्टीचं नाव एक, लांबी वेगळी, आणि तुलना बिनधास्त.

आणि मोजलं कोण गेलं? ८ मे २०२०च्या पहाटे औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. ते जालन्याहून पायी गावी निघाले होते. त्या रुळांवर चालणाऱ्यांपर्यंत कोणाचाही गुगल फॉर्म पोचला नव्हता. सुरुवातीच्या पाहण्यांत बहुतांशी शिकलेला, शहरी, स्मार्टफोनवाला माणूस आहे.

याच सुमारास दुसरा प्रवाह येऊन मिळाला. आम्सटरडॅममधल्या एका गटाने २००८च्या आसपासपासून एक वेगळी मांडणी सुरू केली होती. नैराश्य नावाचं काहीतरी आत दडलेलं आहे आणि त्याची लक्षणं फांद्यांसारखी फुटतात, हे चित्र त्यांनी बाजूला ठेवलं. त्यांच्या मते लक्षणंच एकमेकांना ओढतात. झोप गेली की थकवा, थकव्यातून लक्ष न लागणं, त्यातून चुका, चुकांतून अपराधीपणा. लक्षणं म्हणजे गाठी, त्यांच्यातले संबंध म्हणजे धागे, सगळं मिळून जाळं. नैराश्याच्या कोपऱ्यातून चिंतेच्या कोपऱ्यात नेणारं लक्षण म्हणजे पूल. तो पूल तोडला की दोन्हीकडचं ओझं हलकं होईल, ही त्यामागची आशा. महासाथीत हजारोंची उत्तरं आयतीच जमली होती आणि जाळं काढून देणारी सॉफ्टवेअर फुकट होती. मग जाळ्यांचं पीक आलं: विद्यार्थ्यांचं, परिचारिकांचं, ज्येष्ठांचं. निवांत न होता येणं, अस्वस्थ चुळबुळ, चिडचिड हे पूल म्हणून वारंवार पुढे आले.

कल्पना मला आवडते, कारण ती घरात घडताना दिसते. एप्रिल २०२१. रात्रीचे तीन. ऑक्सिमीटर उशाशी. आकडा ९४च्या खाली गेला तर फोन करायचा, एवढंच सांगितलेलं. बोटाला लावला, ९५. दुसऱ्या हाताच्या बोटाला लावला, ९३. भीतीने हात गार पडलेले, आणि गार बोटावर यंत्र चुकीचं दाखवतं हे त्या क्षणी कोणाला आठवणार? त्याच पडद्यावर नाडीही दिसते: १०८. ती पाहून ११६. हात चोळून पुन्हा लावला, ९६. आता झोप मात्र गेली. पहाटे डोळा लागला, दाराबाहेर ठेवलेलं ताट दुपारपर्यंत तसंच. ‘कोण करतंय एवढं माझ्यासाठी, मी तर नुसता पडून’ हे संध्याकाळपर्यंत. घाबरलेलं शरीर, ताठलेलं मन आणि खचलेपण यांच्यात एका रात्रीचं अंतर.

हीच रात्र फॉर्मात भरून पाहा. तोंड कोरडं, एक. धाप, एक. थरथर, एक. धडधड, एक. घाबरगुंडी, एक. पाच झाले, दुप्पट दहा, ‘मध्यम चिंता’. यातली धाप आणि धडधड न्यूमोनियाची असू शकते, हे विचारायला फॉर्ममध्ये जागाच नाही. त्याच गटात आणखी एक विधान आहे: काही कारण नसताना मला भीती वाटली. त्या एप्रिलमध्ये कारण होतं. प्रामाणिक माणूस तिथे शून्य लिहितो. आणि ज्या न झोपण्यातून पुढचं खचलेपण सुरू झालं, ते तर चाळणीतून गळल्यामुळे फॉर्ममध्येच नाही. या पट्टीवर काढलेल्या कुठल्याही जाळ्यात झोप हा पूल दिसणं शक्य नाही. दुसऱ्या प्रचलित जोडीत, म्हणजे नैराश्याच्या नऊ आणि चिंतेच्या सात प्रश्नांच्या, झोप आहे, पण ती आधीच नैराश्याच्या बाजूला लिहून ठेवलेली. त्याच जोडीत चुळबुळीबद्दल दोन्हीकडे जवळपास एकच प्रश्न आहे. दोन्ही प्रश्नांना माणूस सारखं उत्तर देतो आणि मग तिथे ‘पूल’ सापडतो.

जाळ्यांवर आक्षेप महासाथीच्या आधीपासूनच होते. २०१७च्या सुमारास वाद पेटला की एका नमुन्यात आलेलं जाळं दुसऱ्यात तसंच येतं का. पुढे मध्यवर्ती गाठ म्हणजे उपचाराची जागा हे गृहीतकही तपासलं गेलं. एकाच दिवशी घेतलेल्या उत्तरांतून धागा दिसतो, बाण दिसत नाही. घबराटीने झोप गेली की झोप गेल्याने घबराट वाढली, यासाठी त्याच माणसाला पुन्हा पुन्हा विचारावं लागतं. इंग्लंडमध्ये ३६ हजारांहून जास्त लोकांना मार्च ते ऑगस्ट २०२० आठवड्यागणिक विचारलं गेलं, तेव्हा चिंता आणि नैराश्य दोन्ही लॉकडाऊनच्या सुरुवातीला सर्वात जास्त होती आणि पुढे उतरत गेली. एप्रिलमधल्या एकेकट्या पाहण्या त्या शिखराचा फोटो घेऊन बसल्या होत्या.

त्यानंतर मोठे आकडे आले. २०२१च्या ऑक्टोबरमध्ये २०४ देशांचा अंदाज प्रसिद्ध झाला: २०२० मध्ये महासाथीमुळे तीव्र नैराश्याचे ५.३२ कोटी आणि चिंताविकारांचे ७.६२ कोटी जादा रुग्ण, वाढ अनुक्रमे २७.६ आणि २५.६ टक्के. पुढच्या मार्चमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आरोग्य संघटनेने ‘२५ टक्के वाढ’ हे वाक्य उचललं आणि तेच सगळीकडे गेलं. अंदाजाच्या पायाशी असलेले स्रोत ४८, आणि ते मुख्यतः श्रीमंत देशांतले. वाढ मोजायची तर आधीचा आकडा हवा. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १२ राज्यं होती. महाराष्ट्र त्यांत नव्हता, गोवाही नव्हता.

निदानाच्या पुस्तकांतही हा प्रश्न लोंबकळत राहिला. २०१३च्या अमेरिकी आवृत्तीत ‘मिश्र चिंता-नैराश्य’ घालायचा प्रस्ताव होता. चाचण्यांत एकाच रुग्णाबद्दल दोन डॉक्टरांचं एकमत होईना, म्हणून तो वगळला गेला. जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात मात्र तसं निदान आहे, आणि तेही नैराश्याच्या शाखेखाली. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला आपल्याकडे टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक सुरू झाला. फोन करणाऱ्याने कुठल्या शब्दात सांगावं याची तिथे अट नाही. झोप येत नाही, छातीत धडधडतं, कशात मन लागत नाही, काहीही चालतं.