एडिटर की व्हिज्युअल?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या लॅबमध्ये हा प्रश्न दरवर्षी येतो : "सर, ह्यातनं बाहेर कसं पडायचं ओ?" पोरानं गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलांचा हिशेब ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये, नुसतं कमिट मारलेलं (बदल नोंदवायला सांगितलेलं) असतं आणि समोर डावीकडं ~ ची उभी रांग. व्हीआय हा जुना संपादक उघडलाय. त्याला कुणी बोलावलेलं नसतं. संपादक कुठला ते सांगणारं एडिटर, व्हिज्युअल यांपैकी कुठलंच व्हेरिएबल भरलेलं नसलं की गिट शेवटी त्याच्याच दारात जातो.

अशी प्रोग्रामांना सेटिंग सांगणारी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलं युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये १९७९ च्या सातव्या आवृत्तीबरोबर आली. सगळा घोळ आहे तो एकाच कामाला पडलेल्या दोन नावांचा. टेलिटाइपवर पडदा नव्हता, कागदावर एकेक ओळ उमटायची. तिथं चालणारा ओळीओळीचा संपादक तो एडिटर. पडदेवाली टर्मिनलं आली, तेव्हा पानभर दाखवणाऱ्या संपादकासाठी व्हिज्युअल हे वेगळं नाव निघालं. टर्मिनल बघून प्रोग्रामनं दोहोंतला एक निवडायचा, असा हिशेब. टेलिटाइप गेली, नावं मात्र दोन्ही राहिली. पाटीवर एक आणि तोंडात दुसरं, याचं आम्हाला २०१४ साली बेळगावचं बेळगावी झालं तेव्हापासून तरी नवल नाही.

नवल आहे ते बॅशचं, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या शेलचं. टाइप केलेली आज्ञा संपादकात उघडायला कंट्रोल-एक्स, कंट्रोल-ई दाबलं तर तो आधी व्हिज्युअल बघतो, मग एडिटर. त्याच बॅशमधली, आधीच्या आज्ञा संपादकात उघडणारी एफसी आज्ञा व्हिज्युअलकडं ढुंकूनही बघत नाही. ती बघते तिचं स्वतःचं एफसीएडिट व्हेरिएबल, नाहीतर एडिटर. गिट स्वतःची सेटिंग आधी बघतो, मग व्हिज्युअल, मग एडिटर. टर्मिनल 'डम्ब', म्हणजे पानभर संपादक न पेलणारं, असेल तर व्हिज्युअल गाळतो. जुना अर्थ तिथं अजून जिवंत आहे. एडिटरमध्ये ओळवालाच संपादक हवा असं म्हणणारे कर्मठ अजून भेटतात. माझ्या मते तो सोवळेपणा झाला. बॅशआरसी या बॅशच्या सेटिंग फाइलीत दोन्हींत नॅनो हा सोपा संपादक लिहावा आणि मोकळं व्हावं. एकच बदललं की जुन्या फाइलीत राहिलेलं दुसरं आडवं येतं, आणि पोरगं तासभर "सर, घेईना ओ" करत बसतं.

आता पोरांना व्हीएस कोड हा खिडकीवाला संपादक हवा. तो गिटला लगेच "झालं" म्हणून मोकळा होतो, खिडकी अजून उघडीच. संदेश रिकामा म्हणून कमिट रद्द. व्हेरिएबलमध्ये 'कोड' या त्याच्या आज्ञेपुढं दोन आडव्या रेघा देऊन 'वेट' लिहिलं, तरच तो फाइल मिटेपर्यंत थांबतो.