समुद्रात वाव कुणाला?

मालवण-वेंगुर्ल्याकडे रापण ओढताना पाहिली की 'मत्स्यव्यवस्थापन' हा शब्द फारच अलीकडचा वाटतो. होडीने अर्धगोल फिरून जाळे टाकायचे, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणायचे आणि गावाने मिळून ओढायचे. जाळ्याचा वाटा वेगळा, होडीचा वेगळा, ओढणाऱ्या हातांचा वेगळा. एकाच पुळणीवर दोन रापणी असल्या तर पाळी लावायची. पावसाळ्यात होड्या शाकारलेल्या. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्यावरच पुन्हा पाण्यात. पाळीवरून भांडणे होतच, पण यातले काहीच कागदावर नव्हते.

घडी विस्कटली ती १९६०-७०च्या दशकांत. सरकारी कर्जे-अनुदानांवर तळाशी जाळे ओढणारे ट्रॉलर आले, मागोमाग थव्याभोवती जाळे टाकून ते खालून आवळणाऱ्या पर्ससीन नौका. बांगड्या-तारल्यांचा थवा किनाऱ्याशी येईल म्हणून रापणकार वाट पाहतो. पर्ससीनवाला तो बाहेरच घेरतो. गोव्यात माथानी साल्ढाणा यांच्या नेतृत्वाखाली रापणकार रस्त्यावर उतरले. १९७८ मध्ये देशभरातील लहान मच्छीमारांचा राष्ट्रीय मंच उभा राहिला. या रेट्यातून १९८० मध्ये केरळ व गोव्याने, १९८१ मध्ये महाराष्ट्राने सागरी मासेमारी नियमनाचे कायदे केले. महाराष्ट्रात ट्रॉलरची हद्द पाण्याच्या खोलीवर, म्हणजे वावांत (एक वाव सुमारे सहा फुटांचा) ठरली. माप कोळ्या-गाबितांचे, मागणीही त्यांचीच; अंमल मात्र सरकारी खात्याचा. पुढच्या गुंत्याचे मूळ मला इथेच दिसते.

१९८७ मध्ये मालवणचा सुमारे २९ चौरस किमी समुद्र अभयारण्य म्हणून जाहीर झाला. प्रवाळ जपायला हवे, यात शंका नाही. पण तिथेच पोट असलेल्यांना ती आपली हद्द वाटली नाही आणि विरोध वर्षानुवर्षे धुमसत राहिला. पर्ससीनवर राज्याचा कडक आदेश यायला ५ फेब्रुवारी २०१६ उजाडले: नवे परवाने बंद, मासेमारी फक्त सप्टेंबर ते डिसेंबर. त्यानंतरही घुसखोर नौका पारंपरिक मच्छीमारांनीच समुद्रात अडवल्याच्या बातम्या येत राहिल्या.

पावसाळी बंदीचेही तसेच. पूर्वी राज्याच्या आदेशात नारळी पौर्णिमेला जागा होती. २०१५ मध्ये केंद्राने पश्चिम किनाऱ्यासाठी यांत्रिक नौकांवरची बंदी १ जून ते ३१ जुलै अशी ठरवली. २०२० मध्ये पौर्णिमा ३ ऑगस्टला आली, दोनच दिवसांचा फरक. २०२३ मध्ये अधिक मासामुळे ती ३० ऑगस्टला गेली. नारळासाठी थांबणाऱ्याच्या आधी तेव्हा यांत्रिक नौकांचा अख्खा महिना झाला होता.